तुमच्या एक्सेलमध्ये ‘दार’ नावाचा कॉलम आहे का?

मोशीत राहणारा आमचा एक मित्र चाकणच्या एका प्लँटमध्ये क्वालिटीला आहे. त्यामुळे घरीसुद्धा रिजेक्शन रेट काढल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. फ्लॅट घेताना एक्सेल, गाडी घेताना एक्सेल आणि लग्नाच्या वेळी मुली बघतानाही एक्सेल (हे वहिनींनीच सांगितलंय). सध्या त्याने नवी शीट उघडलीय. लेक चौथीत आहे. ‘इंटरनॅशनल’ शाळेची फी आणि घराचा ईएमआय यांची गळाभेट व्हायची वेळ आली, तेव्हा साहेबांनी ठरवलं, आता सरकारी शाळा बघायच्या. पण बेस्टवाल्या!

‘बॉस, आपल्याच पट्ट्यात वर्ल्ड क्लास सरकारी शाळा आहेत, माहितीये?’ असं म्हणून त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. खेड तालुक्यात कन्हेरसरजवळची जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा घ्या. लंडनच्या ‘टी फोर एज्युकेशन’ या संस्थेच्या जागतिक शाळा पुरस्कारांत २०२५ साली तिने लोकपसंतीचा पुरस्कार पटकावला. याच पुरस्कारांच्या पहिल्या वर्षी, म्हणजे २०२२ मध्ये, बोपखेलची पिंपरी-चिंचवड महापालिकेची इंग्रजी शाळा लोकसहभागाच्या गटात पहिल्या दहात होती. ही पालिकेची शाळा आकांक्षा फाउंडेशन चालवतं. शिक्रापूरजवळ वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा, आणि तिथून जवळच पिंपळे जगतापला जवाहर नवोदय विद्यालय. चार शाळा, चार ओळी. पुढे रकाने होते : निकाल, स्कॉलरशिप, इंग्रजी, इमारत, अंतर. शेवटी टोटल. टोटलमध्ये नवोदय पहिलं!

‘मग ठरलं तर!’ तो म्हणाला.

मी विचारलं, ‘नवोदयला पोरगी आत कशी जाणार?’

इथे साहेब जरा अडखळले. कारण नवोदयच्या दारावर परीक्षा आहे. पाचवीत असताना द्यायची, सहावीसाठी. जिल्ह्यातून हजारो मुलं बसतात आणि वर्गात जागा साधारण ८०. त्यातही किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. तिसरी, चौथी आणि पाचवी गावातल्याच शाळेत झालेली हवी. मोशी पडली महापालिकेच्या हद्दीत! १९८६ साली ही योजना सुरूच झाली ती खेड्यातल्या हुशार मुलांना राहणं, जेवण, पुस्तकं सगळं फुकट देऊन पुढे आणण्यासाठी. उत्तम योजना, उत्तम शाळा. पण तिचा निकाल दहावीला चांगला लागतो यात शाळेचं श्रेय किती आणि दाराचं किती?

आता उलटं बघा. जालिंदरनगरला असली परीक्षा नाही. २०२२ च्या सुमारास ही शाळा बंद पडायच्या बेतात होती, पटावर तीन मुलं! दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले (वाबळेवाडीचा कायापालट घडवणारे तेच), गाव मागे उभं राहिलं आणि पट शंभराच्या पुढे गेला. त्यांचा फंडा साधा आहे, ‘विषयमित्र’. ज्याला गणित येतं, तो ज्याला येत नाही त्याला शिकवणार. मग तो वयाने मोठा असो की लहान. शिकवणाऱ्याचंही पक्कं होतं, हा बोनस. बोपखेलला डॉक्टर, दुकानदार, धर्मगुरू अशा वस्तीतल्याच माणसांना शाळेने आपल्या कामात ओढून घेतलं. दोन्हीकडे मुलं निवडून आणलेली नाहीत, आसपास जी होती तीच.

क्वालिटीवाल्याला मी त्याच्याच भाषेत विचारलं, ‘एक सप्लायर पारखून घेतलेला माल वापरतो, दुसरा ट्रकमधून येईल तो. दोघांच्या फायनल रिजेक्शनची तुलना तू करशील?’

‘छे! इनकमिंग काय होतं ते आधी बघावं लागेल.’

‘मग शाळेला वेगळा नियम का?’

‘मुलं म्हणजे कास्टिंग नव्हेत,’ आतून वहिनींचा आवाज आला. बरोबरच आहे. आणि म्हणूनच तर २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत प्रवेशाला चाचणीची चाळण लावायला बंदी केली. नवोदयला मात्र तिच्या खास स्वरूपामुळे सूट आहे.

मग तो थोडा गप्प झाला आणि म्हणाला, ‘आमच्या लाइनवर एक हेल्पर आहे, ओडिशाचा. दिवाळीनंतर बायकापोरांना घेऊन आला. मोठा सहावीच्या वयाचा, मराठी शून्य. जवळच्या शाळेने घेतला त्याला. अर्ध्या वर्षात!’

चाकण पट्ट्यात असे किती असतील? कंपनीत भरती होते, खोली भाड्याने मिळते आणि वर्गात एक नवीन पोरगं येऊन बसतं. कायद्याने त्याला परत पाठवता येत नाही. वर्षअखेरीला त्याच्यामुळे वर्गाची सरासरी खाली येणार आणि माझ्या मित्राच्या शीटमध्ये त्या शाळेला लाल रंग लागणार. शाळेने त्या मुलासाठी जे काही केलं, त्याला रकानाच नाही.

आपण सगळे सुशिक्षित आईबाप हेच करतो. निकाल बघून शाळा निवडतो, मग आपल्यासारखेच आणखी आईबाप तिथे जमतात, निकाल अजून चढतो आणि आपल्याला वाटतं, बघा, निवड बरोबर होती! मागे उरलेल्या शाळेतून बोलणारे, विचारणारे पालक कमी होतात. पाचवी ते आठवीची वर्षं तर जास्तच नाजूक. बऱ्याच वाड्यांवरची शाळा चौथीलाच संपते, पुढची शाळा लांब असते आणि पहिली गळते ती मुलगी.

तेव्हा शाळा जरूर बघा, पण जाऊन बघा. मुख्याध्यापकांना टॉपरबद्दल विचारू नका, तो भिंतीवर असतोच. विचारा, ‘मागे पडलेल्या मुलाचं तुम्ही काय करता?’ उत्तरादाखल त्यांनी एखाद्या मुलाचं नाव घेऊन त्याची गोष्ट सांगितली तर खुर्चीत नीट बसा. नुसतं ‘आमच्याकडे तशी मुलंच नाहीत’ म्हणाले तर दारावर कोण उभं आहे ते बघा.

मित्राने रात्री मेल केला. शीटमध्ये पहिलाच रकाना नवा होता : ‘आत कोण येऊ शकतं?’ टोटलचा रकाना त्याने उडवला होता. लेकीचं अजून ठरलेलं नाही. पण येत्या शनिवारी तिघं मिळून घराजवळची महापालिकेची शाळा बघायला जाणार आहेत. इतकी वर्षं तिच्यासमोर गाडी पार्क करत होते, आत कधी गेले नव्हते.