नोकरीची पहिली चाळणी : गुणांची की आडनावाची?

करडी (जि. भंडारा) : मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या गावातून शिकून बाहेर पडलेली मुले नागपूर-पुण्याच्या कंपन्यांत अर्ज करतात. अर्जावर गुण असतात, तसेच आडनाव, गाव आणि कॉलेजही असते. त्यातले आधी काय वाचले जाते? कंपन्यांच्या 'विविधता आणि समावेशन' धोरणांची खरी परीक्षा इथेच आहे.

अभ्यास काय सांगतो?
अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवण्यात आले. फरक होता फक्त नावात. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश निघाली.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी एचआर अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. गुणवत्तेचा आग्रह धरणारे हे अधिकारी उमेदवाराच्या 'घरच्या पार्श्वभूमी'लाही महत्त्व देत होते. 'वडील काय करतात?' हा प्रश्न त्यामुळे साधा राहत नाही.

नियम काय आहेत?
राज्यघटनेचे कलम १६ सरकारी नोकरीत समान संधीची हमी देते. खासगी कंपन्यांना ते लागू नाही. २००६ मध्ये खासगी आरक्षणाची चर्चा तापली तेव्हा उद्योग संघटनांनी कायद्याऐवजी स्वेच्छेचा मार्ग पुढे केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मात्र खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण बंधनकारक केले. सेबीच्या नियमानुसार आघाडीच्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना महिला आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांचे आकडे जाहीर करावे लागतात. जातीचा रकाना त्या तक्त्यात नाही.

महिलांची आणि दिव्यांगांची मोजणी होते, हे चांगलेच. पण ज्याची मोजणीच नाही, त्याचा जाब कोण विचारणार?

मग गुणवत्तेचे काय?
'जात विचारली तर गुणवत्ता मागे पडेल,' असा आक्षेप घेतला जातो. वरचा अभ्यास उलटेच दाखवतो. पात्रता सारखी असूनही अर्ज बाजूला पडत असेल, तर गुणवत्ता तिथेच हरली. शिवाय ओळखीने किंवा ठरावीक कॉलेजांतूनच भरती झाली, तर गावाकडच्या उमेदवाराचा अर्ज टेबलापर्यंत पोहोचतही नाही.

काय करता येईल?
• पहिल्या छाननीत नाव, पत्ता आणि फोटो झाकावा.
• प्रत्येक उमेदवाराला कामाशी संबंधित तेच प्रश्न विचारावेत; कुटुंबाची चौकशी बंद करावी.
• ओळखीने भरायच्या जागांचीही खुली जाहिरात द्यावी.
• अर्ज किती आले, मुलाखत किती जणांना मिळाली आणि निवड किती जणांची झाली, याचे सामाजिक गटनिहाय आकडे जाहीर करावेत. माहिती देणे उमेदवाराच्या इच्छेवर असावे आणि ती निवड करणाऱ्यांपासून वेगळी ठेवावी.

यातल्या एकाही गोष्टीसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. स्वेच्छेचा मार्ग उद्योगांनी स्वतःच निवडला होता. तो त्यांनी किती चालून दाखवला, हे विचारण्याचा हक्क अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला आहे.