कवळी खुळखुळते तेव्हा

आमच्या तुकईथडला म्हाताऱ्या माणसांच्या कवळ्या बहुधा तोंडाबाहेरच असतात. कुणाची कोनाड्यात, कुणाची ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली. माझ्या आत्याची चहा-साखरेच्या फळीवर, स्टीलच्या कोरड्या डबीत. लग्नकार्यात फोटोपुरती ती बाहेर निघते आणि पंगत बसली की परत डबीत. "बापू, बोलायला घालते, जेवायला काढते," असं ती बिनदिक्कत सांगते. दात कशासाठी असतात, हे तिला विचारायची आमच्या घरात कुणाची टाप नाही.

कवळी ढिली झाली की गावाचं निदान एकच, डॉक्टरानं माप चुकवलं. कधी तसं असतंही. पण जी कवळी वर्ष-दोन वर्षं नीट बसली आणि मग वाजायला लागली, तिच्या मापाला काय बोल लावणार? कवळी होती तेवढीच राहते, खालचं हाड झिजतं. दाताचं मूळ गेलं की ज्या कडेनं ते धरून ठेवलं होतं तिला काम उरत नाही आणि शरीर ते हाड हळूहळू जिरवून टाकतं. सगळ्यांत जास्त झीज दात काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात. पुढे वेग मंदावतो, थांबत मात्र नाही. टालग्रेन या संशोधकांचा १९७२ साली छापलेला अभ्यास कवळी वापरणाऱ्यांच्या २५ वर्षांच्या नोंदींचा आहे. त्यात खालचा जबडा वरच्याच्या सुमारे चौपट झिजलेला दिसला. "वरची बसते, खालची उडते" ही तक्रार घरोघरी ऐकू येते ती म्हणूनच. वरच्या कवळीला अख्ख्या टाळूचा आधार, मध्ये लाळेचा पातळ थर, त्यानं ती धरून राहते. खालचीनं अरुंद कडेवर तोल सांभाळायचा, त्यात जीभ सारखी ढकलणार.

सागवानाच्या जंगलाकडच्या माणसाला हे कुऱ्हाडीवरून लगेच कळेल. उन्हाळ्यात दांडा वाळून आकसला की पातं खुळखुळतं. पातं तेच असतं. मग आपण पाचर मारतो. मेडिकलवर मिळणारी कवळी चिकटवायची पावडर नाहीतर पेस्ट ही अशीच पाचर. लग्नाच्या चार दिवसांना ठीक आहे, पण दर महिन्याला जास्त जास्त लागायला लागली तर ओळखावं की हाड बरंच उतरलंय.

खरा इलाज रिलाइन. कवळी तीच, दात तेच, फक्त आतल्या बाजूला नवं अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लास्टिक, भरून ती आजच्या हिरडीवर बसवून देतात. नवी करण्यापेक्षा खर्च बराच कमी, तरी "रिलाइन करून द्या" म्हणत दवाखान्यात गेलेला माणूस मला इकडे भेटलेला नाही. दात घासून सपाट झाले किंवा तोंड मिटल्यावर हनुवटी नाकाकडे चढायला लागली, तर मात्र नवीच करावी लागते. साधारण पाच-सात वर्षांनी ती वेळ येते. मापाच्या आदल्या रात्री कवळी काढून ठेवावी. दिवसभर दबलेली हिरडी तेवढ्यात मूळ आकाराला येते, नाहीतर माप निघतं ते दबलेल्या हिरडीचं.

आमच्याकडचे घरगुती इलाज विचारू नका. टोचणारी कड कानशीनं घासणारे आहेत, तडा गेलेली झटपट चिकटणाऱ्या गोंदानं जोडणारे आहेत. जंतू मरावेत म्हणून उकळत्या पाण्यात टाकणारे तर कितीतरी. उकळत्या पाण्यात अ‍ॅक्रिलिक वाकतं आणि वाकलेलं परत सरळ होत नाही. कोरडं ठेवलं तरी आकार बिघडतो, म्हणजे आत्याची डबी निम्मी गुन्हेगार! रात्री कवळी साध्या पाण्याच्या वाटीत ठेवायची, हिरडीलाही तेवढाच विसावा. धुताना मऊ ब्रश आणि साबण. मंजन, राखुंडी नको, ओरखडे पडतात. आणि खाली पाण्यानं भरलेलं घमेलं ठेवून धुवावी, फरशीवर पडली की दोन तुकडे.

खाण्याच्या बाबतीत आपला बुऱ्हाणपूर जिल्हा कवळीवाल्यांवर मेहेरबान आहे. केळी इथलीच, मावा जिलबी इथलीच. अडतं ते ज्वारीच्या भाकरीच्या कडेला आणि भाजलेल्या शेंगदाण्यांना. घास लहान करून दोन्ही बाजूंनी एकदम चावला तर भाकरीही जमते. पेरू पुढच्या दातांनी तोडायला गेलात की मागची बाजू उचललीच म्हणून समजा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ज्यांचं तोंड कोरडं पडतं, त्यांनी कवळी घालण्याआधी पाण्याचा घोट घ्यावा.

ढिल्या कवळीनं हिरडीला जखम होते. कवळी काढून ठेवूनही जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर डॉक्टरला दाखवलीच पाहिजे, तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्कीच. तो कर्करोग नाही ना, हे बघावं लागतं.

जायचं कुठे, हा आमचा जुना प्रश्न. मीटरगेज रेल्वे होती तेव्हा एकीकडे खंडवा, दुसरीकडे आकोट-अकोला. ती बंद झाल्यापासून सगळं बसवर. त्यामुळे लोक कवळीसाठी एकदा जातात, दुसऱ्यांदा जात नाहीत, आणि बिघडतं ते दुसऱ्यांदा न गेल्यानंच. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत साठी ओलांडलेल्या गरीब ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्राबरोबर कवळीही मोफत मिळते आणि वर्षभराची देखभालही मोफत आहे. दात नुकतेच काढलेले असतील तर हाड सगळ्यांत जास्त झिजतं तेही याच वर्षात. तेव्हा शिबिरात कवळी हातात पडली की तिथंच विचारा, ढिली झाली तर दाखवायची कुठे, कोणत्या वारी. आणि ते कागदावर लिहून घ्या.