थरथर कुणाची?

रंकाळ्याच्या कठड्यावर सकाळी साडेसहाला उभं राहिलं की हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं, "भावा, लेन्सच खराब आलीय बघ." मिररलेस कॅमेरा कोरा करकरीत, त्यावर दुधी भोपळ्याएवढी टेलिलेन्स, पट्ट्याची दुकानातली घडीही मोडलेली नाही. समोर पाण्यात वारकरी पोहत असतात. पक्षी वारकरी हो, काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला. फोटो पडद्यावर मोठा करून बघावा तर टिळ्याचा ओघळ झालेला. मग दोष लेन्सला, कंपनीला, शेवटी दुकानदाराला.

माझी विनंती एवढीच, की लेन्स बदलायला जाण्याआधी तिला एक आठवडा द्या. आणि त्या आठवड्यात थरथर कुणाची आहे ते शोधा. तुमच्या हाताची, की समोरच्या जिवाची?

आधी हाताचं बघू. भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा एका सेकंदात एक दशांश अंश सरकतो. आपल्याला तो हललेला दिसतसुद्धा नाही. फोटो टिपताना तुमचा हात तेवढाच कलला आणि लेन्स 500 मिलिमीटरची असली, तर सेन्सरवरचं चित्र जवळजवळ 0.9 मिलिमीटर घसरतं. 24 मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम कॅमेऱ्यात हे अंतर सुमारे 145 पिक्सेलचं झालं. हाच हात, हाच कल, पण लेन्स 50 मिलिमीटरची असेल तर घसरण दहा पटीने कमी. लग्नात छोट्या लेन्सवर ज्यांचा हात "दगडासारखा" असतो, तेच रंकाळ्यावर का डळमळतात, त्याचं उत्तर या हिशेबात आहे.

स्टॅबिलायझेशन ही घसरण भरून काढतं. आतले जायरो हाताचा कल ओळखतात आणि त्याच्या उलट दिशेने लेन्समधला एक भिंगसमूह किंवा बॉडीतला सेन्सरच सरकवला जातो. इथे दुकानात एक गफलत होते. "बॉडीत आहे ना सर, लेन्समध्ये कशाला?" असं कुणी म्हणालं तर वरचा आकडा आठवा. लांब पल्ल्याला सेन्सरला बरंच धावावं लागतं आणि त्याला जागा असते मोजकी. लेन्समधलं भिंग थोडं सरकूनही तेच काम करतं. म्हणून 300 मिलिमीटरच्या पुढे लेन्समधली सोय जास्त उपयोगाची. दोन्ही असतील आणि एकमेकांच्या साथीने चालत असतील तर उत्तमच. जुनी, नुसती यांत्रिक लेन्स अडॅप्टरने लावली असेल तर तिची फोकल लेंग्थ मेनूत हाताने भरा. नाहीतर बॉडी चुकीच्या अंदाजाने सेन्सर हलवत राहील.

जुना ठोकताळा असा, की 500 ची लेन्स असेल तर शटर निदान 1/500. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर दीडपट करा, म्हणजे 1/800 च्या आसपास. खोक्यावर "4 स्टॉप" लिहिलेलं असेल तर हिशेबाने हीच लेन्स 1/30 पर्यंत हातात धरता यावी. पण तो आकडा प्रयोगशाळेतला. एखाददुसरा स्टॉप कमीच धरून चाला.

आता समोरच्या जिवाचं. इथे मी स्वतः आपटलोय. खासबागेत, शाहू महाराजांनी उभारलेल्या आणि 1912 पासून लाल माती अंगावर घेणाऱ्या त्या मैदानात, संध्याकाळच्या कुस्तीला मित्राची लेन्स घेऊन बसलो होतो. स्टॅबिलायझेशन आहे म्हणून बेफिकीरपणे 1/60 ठेवलं. घरी येऊन पाहिलं तर मागच्या रांगेतल्या आजोबांच्या फेट्याची घडी न् घडी आली होती. पैलवान मात्र मातीचा नुसता लोळ! यंत्राने माझा हात चोख थांबवला होता. पैलवानाला कोण थांबवणार? तिथे 1/800 किंवा त्याच्या पुढेच जायला हवं होतं, आणि आयएसओ चढून दाणे आले असते तर येऊ द्यायचे होते. दाणेदार फोटो बघवतो, हललेला बघवत नाही. उडत्या बगळ्याला 1/2000 लागतं. उलट दाजीपूरला तिन्हीसांजेला गवा झाडीच्या कडेला शांत उभा असेल, तर 300 मिलिमीटरवर 1/60 सुद्धा पुरतं. त्याने चरायला मान खाली घातली की गणित बदललं.

आणि पवित्रा! कोल्हापुरात हा शब्द शिकवावा लागू नये. डावा पाय किंचित पुढे, डावा तळवा लेन्सच्या खाली (बाजूला नव्हे), दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली, डोळा व्ह्यूफाइंडरला. मागच्या पडद्यात बघत हात लांब करून टेलिलेन्स धरणारे पाहिले की मला वस्तादाची छडी आठवते. बटण अर्धं दाबून क्षणभर थांबा, चित्र स्थिरावलेलं दिसेल. मग श्वास सोडता सोडता तीन-चार फोटो सलग घ्या. पहिल्यात बोटाचा धक्का असतो, मधला बहुधा साफ येतो. जीपमधून टिपत असाल तर इंजिन बंद करायला सांगा आणि खिडकीवर तांदळाची पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. आजरा घनसाळ मात्र पिशवीत भरू नका, तो जेवायला ठेवा.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्यावरून आपण रोज जातो. बाबूराव पेंटरांनी 1918 मध्ये इथेच घडवलेला कॅमेरा हाताने हँडल फिरवून चालायचा. म्हणजे त्यांचा हात तर मुद्दाम हलतच होता, स्थिर राहायचं ते कॅमेऱ्याच्या बैठकीने. आपणही भक्कम ट्रायपॉडवर असू तेव्हा स्टॅबिलायझेशन बंद करावं, विशेषतः जुन्या लेन्सवर. नसलेली थरथर शोधत ते स्वतःच चित्र हलवतं. सायकलवाल्याबरोबर कॅमेरा फिरवून फोटो घ्यायचा असेल तर लेन्सवरचा मोड 2 लावा.

दुपारी पाण्यावरून उठणाऱ्या गरम हवेने चित्र लवलवतं. त्यावर कुठलंही यंत्र उपाय नाही, सकाळी या. बंद कॅमेरा हलवला की आत खुळखुळतं, तो बहुतेक मोकळा सेन्सर असतो, घाबरू नका. मात्र बाइकला कॅमेरा कसून राधानगरीला जाऊ नका. इंजिनाच्या सततच्या कंपनाने फोनमधली अशीच यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने 2021 मध्ये दिला होता. कॅमेरा पाठीवरच्या बॅगेत असू द्या.

आठवड्याचा अभ्यास सोपा आहे. समोरच्या दुकानाची पाटी घ्या. लेन्स पूर्ण लांबवून, स्टॅबिलायझेशन बंद ठेवून, 1/500, 1/250, 1/125, 1/60 अशा प्रत्येक वेगाला दहा दहा फोटो काढा. पाटीवरचा फोन नंबर स्वच्छ वाचता येतो ते फोटो मोजा. मग स्टॅबिलायझेशन चालू करून तेच पुन्हा. दहापैकी आठ जिथवर साफ येतात तो तुमच्या हाताचा आकडा. आणि 1/2000 लाही अक्षरं कायम एकाच बाजूला विरघळलेली दिसली, तर खुशाल दुकान गाठा, बिल सोबत न्या. तसं नसेल तर रविवारी कठड्यावर भेटू. सातच्या आत या, गर्दी वाढली की वारकरी आत पाण्यात सरकतात.