घरचा बटवा : धायटीची फुले

गावाहून कुणी आले की लाडू-चिवड्याबरोबर दशमूलारिष्टाची बाटली बरेचदा येते. घरात बाळंतीण असली तर हमखास. त्या बाटलीवरची घटकांची यादी कधी वाचली आहे का? त्यात ‘धातकी’ हे नाव सापडेल. धातकी म्हणजे आपली धायटी.

माघ-फाल्गुनात सह्याद्रीतला एखादा गड चढला असाल, तर ती तुम्ही पाहिलीच असेल. पुरुषभर उंचीचे, पसरट फांद्यांचे झुडूप. उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गळतात आणि फांद्या नळीसारख्या लाल फुलांनी भरून जातात. संस्कृतात तिला ‘अग्निज्वाला’ म्हणतात ते उगीच नाही. फुलांतला मध चोखायला शिंजीर पक्षी येतात, आणि गुराखी पोरेही. याच फुलांपासून कापडाला लाल रंग देत, कातडी कमावायलाही ती वापरत. आपल्या ओळखीची मेंदी हिच्याच कुळातली.

पण धायटीचे खरे काम आसव-अरिष्टांत. औषधी काढ्यात गूळ आणि धायटीची सुकी फुले घालून भांड्याचे तोंड बंद करतात व ते काही आठवडे तसेच ठेवतात. फुलांबरोबर यीस्ट आत जाते, गूळ आंबतो आणि मद्यार्क तयार होतो. तो वरून घातलेला नसतो, आपोआप होतो. त्यामुळेच औषध टिकते. मात्र त्याचे प्रमाण साधारण 5 ते 10 टक्के, म्हणजे बिअरइतके किंवा जास्तही असू शकते. लेबलवर ते बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

आपण इथे मरीनात शेजारधर्म पाळतो. शेजारच्या मुस्लिम ताईंच्या घरी बाळ झाले की प्रेमाने आपली बाटली पुढे करतो. ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ एवढेच सांगणे पुरेसे नाही. आत काय आहे ते आधी सांगावे, मग घ्यायचे की नाही ते त्यांनी ठरवावे. आपल्या मुलांनाही अरविंदासव देण्यापूर्वी आणि अंगावर पाजणाऱ्या आईला अरिष्ट देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आजीचा बटवा खराच, पण आजी प्रत्येक पुडीत काय आहे ते जाणून होती.

तेव्हा आज फडताळ उघडा आणि लेबल वाचा. पुढच्या खेपेला निरगुडीविषयी बोलू.