प्रेक्षकाचे कर्तव्य
करमणुकीचा चित्रपट संपला की आपण तो विसरलो तरी चालते. अनुबोधपटाचे तसे नाही. आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ (१९८५) चित्रपट-मंडळाच्या सभागृहात पाहताना हे फार जाणवते. मुंबईची घरे बांधणाऱ्या मजुरांच्याच झोपड्या पालिकेची माणसे पाडतात, हे त्यात दिसते. एक स्त्री चित्रीकरण करणाऱ्यांनाच खडसावते की, गरिबांची चित्रे घेऊन नाव तुमचे होईल, आमच्या पदरात काय पडणार? दिग्दर्शकांनी तो प्रश्न वगळला नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा होय.

माझ्या मते तो प्रश्न प्रेक्षकांनाही आहे. हळहळून घरी परतणे पुरेसे नाही. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी सांगितले. तरीही पदपथावरील झोपड्या हटविण्याची पालिकेची मुभा कायम राहिली. म्हणजे केवळ कायद्यावर विसंबून भागत नाही. समाजाचे मनही जागे असावे लागते.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या गावातील कामकऱ्यांच्या वस्तीत नळाला पाणी येते काय, तेथील मुले शाळेत जातात काय, एवढे तरी स्वतः जाऊन पाहा. त्या मुलांतील एखाद्यास आपल्या बाकावर जागा द्या. अनुबोधपट पाहिल्याचे सार्थक त्यातच आहे.