खोक्यातील युद्ध

दुसऱ्या महायुद्धातील सैनिक, तोफा आणि रणगाडे यांच्या हुबेहूब प्रतिकृतींचे नवनवे संच बाजारात येतच आहेत. एकास पस्तीस हे त्यांचे लाडके प्रमाण. नाझींच्या टायगर रणगाड्याच्या पट्ट्याची कडी न् कडी त्यात अचूक असते. जर्मनीतील कायद्याच्या धाकाने अनेक उत्पादक स्वस्तिकाचे चिन्ह तेवढे वगळतात किंवा दोन तुकड्यांत छापून देतात. सोवळेपणा चिन्हापुरता, रणगाडा मात्र विक्रीला मोकळा!

यातून मुलांना इतिहास कळतो, असे समर्थन केले जाते. कोणता इतिहास? बेलापूरच्या पायथ्याशी वसलेल्या दिवाळे कोळीवाड्यातील खाडी ज्या बंदराला जाऊन मिळते, त्याच बंदरात, व्हिक्टोरिया गोदीत, १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ ही बोट फुटली. सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या गासड्या एकाच बोटीत भरण्याचे शहाणपण युद्धाच्या घाईचे होते. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली; आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. तो हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. मग दिवाळ्याच्या उंबऱ्यांना तो जाणवला नसेल काय? पण गोदीतल्या हमालाची प्रतिकृती कोण काढणार? त्याच्या अंगावर बिल्ले नाहीत.

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळेही शस्त्रधारीच, असा प्रतिवाद होईल. तो फेटाळून लावण्याजोगा नाही. परंतु तो किल्ला मूल स्वतः मातीत हात घालून रचते, त्यावर अळीव पेरते आणि ही लढाई कोणाची, कोणाविरुद्ध, हे घरातल्या थोरांकडून ऐकते. खोक्यातल्या रणगाड्यासोबत येते ती जोडणीची सूचनापत्रिका आणि रंगांचे क्रमांक. हाताला कौशल्य येते, हे खरेच. प्रश्न पडत नाहीत, हेही तितकेच खरे.

त्या युद्धात पंचवीस लाखांच्या आसपास हिंदी शिपाई लढले, तेही परकी सरकारने या देशाला न विचारता पुकारलेल्या युद्धात. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील माणगावकडचा यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत मराठा पलटणीतून लढताना पडला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. या संचांत असा शिपाई तुरळकच आढळतो. आणि १९४३ साली बंगालात त्याच युद्धाच्या छायेत अन्नावाचून जी लाखो माणसे मेली, त्यांच्यासाठी एकास पस्तीसचा साचा अद्याप कोणी पाडलेला दिसत नाही.