सूर्यास्तापूर्वीचे ताट

नोव्हेंबरच्या अखेरीस मेढ्यात सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो. भोवतालच्या डोंगरांमुळे वेण्णेच्या खोऱ्यात सावली त्याही आधी उतरते. साताऱ्याहून एस.टी.ने पाच वाजता घरी पोहोचणाऱ्या गृहिणीच्या हाती जेमतेम तास उरतो. त्या एका तासात स्वयंपाकही व्हायचा असतो आणि घरातील सर्वांची जेवणेही. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधी, मुखशुद्धी करणाऱ्या घरांत तर हा हिशेब जमतच नाही. तिथे दुपारीच सायंकाळची सोय लावावी लागते. जूनअखेरीस सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो, तेव्हा थोडी उसंत मिळते. हिवाळ्यात मात्र कित्येक तरुण घरांतून चौविहार सुटतो तो श्रद्धा उणावली म्हणून नव्हे, कुकर वेळेवर चढला नाही म्हणून.

‘अर्ध्या तासात स्वयंपाक’ शिकवणारी पुस्तके आज विपुल आहेत. त्यांतील बहुतेक युक्त्या मात्र जैन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच थबकतात. आदल्या रात्री करून ठेवलेले वाटण, फ्रीजमधील कालची कणीक, बरणीतील आले-लसणाची पेस्ट, चार दिवस पुरणारा परतलेला कांदा यांपैकी काहीच चालत नाही. बासी वर्ज्य, कंद वर्ज्य. म्हणजे पूर्वतयारी करायची ती ओली नव्हे, कोरडी. आणि भिजवणे-निवडणे करायचे ते त्याच दिवशी सकाळी.

या कामी नव्या पुस्तकांपेक्षा एक जुने पुस्तक अधिक उपयोगी पडते. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या लाखाहून अधिक प्रती मराठी घरांत पोहोचल्या. कमलाबाईंचा जन्म १९१३ चा, कुंडलचा. झरी पार्श्वनाथांच्या दर्शनाला गेलेल्या वाचकांना हे किर्लोस्करवाडीशेजारचे गाव ठाऊक असेलच. शाळेतील शिक्षण चौथीपर्यंतचे. स्वयंपाकाचे शिक्षण सांगलीला सासरी झाले. त्यांनी प्रमाणे दिली ती ग्रॅममध्ये नव्हे, वाटी आणि चमच्यांत. घाईच्या वेळी तराजू शोधावा लागत नाही, ही सोय वाटते त्याहून मोठी आहे.

तरीही कोणतेही पाकपुस्तक जसेच्या तसे सायंकाळच्या उपयोगाचे नसते. त्यात आमट्या एका प्रकरणात, भाज्या दुसऱ्यात, कोशिंबिरी तिसऱ्यात. गृहिणीला हवा असतो तो वेळेचा क्रम. यासाठी रविवारी दुपारी पुस्तक हाती घ्यावे आणि पाच-सहा दिवसांची ताटे वहीत मांडावीत: कशाला सर्वांत जास्त वेळ, ते आधी, जे चिरताक्षणी खायचे, ते शेवटी. हे काम भूक लागल्यावर करू नये.

दुसरा बदल चवीचा. पुष्कळ भगिनी कृतीतील कांदा-लसूण नुसता वगळतात आणि मग भाजी पाणचट झाली म्हणून हळहळतात. कांदा रश्शात दोन कामे करतो, दाटपणा आणतो आणि गोडवा देतो. तो काढला की ती दोन्ही कामे दुसऱ्या कोणावर तरी सोपवावी लागतात. दाटपणासाठी शेंगदाण्याचे कूट (भुईमूग जमिनीखाली येतो खरा, पण तो कंद नव्हे), भाजलेले तीळ-खोबरे किंवा शिजवून घोटलेला दुधी. गोडव्यासाठी सुपारीएवढा गूळ. लसणाच्या जागी हिंग, पण तो तापलेल्या तेलात पडला पाहिजे; वरून भुरभुरलेला हिंग कच्चा लागतो. आल्याऐवजी सुंठ, बटाट्याऐवजी कच्चे केळे. याहून सोपा मार्ग म्हणजे मुळातच कांद्यावाचून उभ्या राहिलेल्या कृती निवडणे. चिंच-गुळाची, गोड्या मसाल्याची आमटी ही तशीच. तिच्यात काही बदलावे लागत नाही आणि काही उणेही वाटत नाही.

आता एक सायंकाळ घेऊ. सकाळी निघतानाच फरसबी निवडून ठेवलेली आहे. पाच वाजता तूरडाळ आणि तांदूळ धुऊन, डाळीत हळद, हिंग आणि तेलाचा थेंब टाकून कुकर चढवावा. डाळीचे भांडे खाली, भाताचे वर. इंद्रायणी तांदूळ असेल तर पाणी नेहमीपेक्षा थोडे कमी, नाहीतर भाताचा गोळा होतो. कुकरच्या शिट्ट्या होईतो फरसबी चिरून जिरे-हिंगाच्या फोडणीवर टाकावी आणि झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजू द्यावी. चिंच कोमट पाण्यात घालावी. कुकर आपोआप निवू द्यावा. तेवढ्या वेळात काकडी चोचवून घ्यावी. दही मात्र घेऊ नये. आमटी डाळीची, तेव्हा कच्च्या दह्याने द्विदलाचा दोष येतो. लिंबू, कूट आणि मिरचीची फोडणी यांनी काकडी तितकीच खमंग होते. शेवटी डाळ घोटून आमटीला उकळी आणावी. पावणेसहाच्या आत आमटी-भात, भाजी, खमंग काकडी असे चौरस ताट वाढता येते. पोळ्यांचा आग्रह धरला तर वीस मिनिटे वाढतात. आठवड्यातील दोन दिवस घरच्यांनी भातावर समाधान मानावे, किंवा कोणीतरी लाटायला बसावे.

याहून उशीर झाला तर पिठले. एक वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी, मोहरी-जिरे-हिंगाची सढळ फोडणी, दोन आमसुले. दहा मिनिटांत तयार. ताकातले पिठले करणारी घरे ताक आधी उकळून घेतात. भाजणीचे थालीपीठही असेच हाताशी येणारे; कांद्याच्या जागी किसलेली काकडी किंवा दुधी घातला तर ते मऊही राहते. भाजणी थोडीच दळावी, कारण पिठाची ऋतुमानाप्रमाणे मर्यादा पाळायची असते.

अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते. त्या दिवसांसाठी आपल्याच जिल्ह्यातील कोरेगावचा वाघ्या घेवडा आहे. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी त्याच्याच जिल्ह्यातील कित्येक दुकानांत आज पाकीटबंद राजमा पुढे असतो. घेवडा सकाळी सात वाजता भिजत घालावा, सायंकाळी तो शिजवण्याजोगा होतो. पुस्तकातील उसळींना मोड आणायला सांगितलेले असते. इथे ते अनंतकायात मोडतात, म्हणून भिजवण्याची वेळ मोजून ठेवावी आणि उष्ण दिवसांत पाणी मध्ये एकदा बदलावे. कूट, गूळ, आमसूल आणि गोडा मसाला एवढ्यावर हा घेवडा उत्तम लागतो.

पावसाळ्यात मेढ्याची अडचण वेगळीच. ढगांमुळे सूर्य दिवसभर दिसत नाही, त्यामुळे मावळतीची वेळ पंचांगात पाहून स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर आठवड्याची एकदाच लिहून ठेवावी. वीजही बेभरवशाची असते, म्हणून मिक्सरवर विसंबणाऱ्या कृती या चार महिन्यांपुरत्या वहीतून बाजूला काढाव्यात. कूट आणि तीळ-खोबरे ऊन असेल त्या दिवशी भाजून, खलबत्त्यात कुटून, कोरड्या बरणीत थोडे थोडेच भरावे. दमट हवेत त्याला लवकर वास येतो. पालेभाज्यांचा त्याग असलेल्या घरांत कोथिंबीर नसते, तिची उणीव भाजलेल्या तिळांनी बरीचशी भरून निघते.